करार सरकारांचे, घाम कामगारांचा : भारत-मॉरिशस मैत्रीची कथा

(इटारसी येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी भाषिक कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या अभ्यासवर्गात आम्हांला जो विषय दिला आहे तो ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. दूरदूरच्या देशांच्या सरकारांमधली मैत्री, व्यापार, प्रवास! या विषयावर वकिलातीतल्या साहेबांनी बोलावे. बुकिंगच्या खिडकीवर जन्म घालवलेल्या, एस. एस. सी. पास कारकुनाने बोलावे असा हा विषय नव्हे, असे आम्हांलाही प्रथम वाटले. महागाई भत्ता, रिक्त जागा, पेन्शन हे आपले नेहमीचे विषय. ते सोडून आम्ही कुठे समुद्रापार निघालो?

पण विचार केला तेव्हा लक्षात आले, की दोन देशांमधली मैत्री शेवटी चालते कशावर? पत्रावर, पार्सलवर, तिकिटावर, बंदरावर आणि रुळांवर. म्हणजे तुमच्या-आमच्या हातांवर. मंत्री सही करतात, फोटो छापून येतो, आणि दुसऱ्या दिवसापासून काम कोण करतो? हमाल, सॉर्टर, पॉइंट्समन, खलाशी. मग या विषयावर आपण बोलायचे नाही तर कोणी बोलायचे?

आम्ही सगळ्या जगाची गोष्ट सांगणार नाही. तेवढी आमची पोच नाही. एकाच देशाची सांगतो. तो देश म्हणजे मॉरिशस. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून अधिक दूर, हिंदी महासागरातले एक छोटे बेट.

खिडकीवर आलेले पाहुणे

गोष्ट १९९८ च्या डिसेंबरातली आहे. त्याच वर्षी २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली होती. आम्ही तेव्हा मुंबईकडच्या एका स्टेशनवर बुकिंगला होतो. दुपारची पाळी. एक म्हातारे गृहस्थ व त्यांच्या पत्नी खिडकीशी आल्या. अंगावर कोट, डोक्याला हॅट, पण चेहरा पाहाल तर अस्सल आपल्याकडचा. त्यांनी खिशातून एक कागद काढून पुढे केला आणि म्हणाले, "बाबा, ह्या गावाचं तिकीट होवं."

मराठी जुन्या वळणाचे, मध्येच कुठला तरी परका शब्द. कागद पाहिला तो जन्मदाखल्यासारखा. वर एक नंबर. खाली नाव, बापाचे नाव, वय, उंची, कपाळावर व्रण असल्याची नोंद, जहाजाचे नाव. जिल्हा रत्नागिरी, पण त्याचे स्पेलिंग इतके जुने, की दोनदा वाचावे लागले. आणि गावाचे नाव तर वाचूनही कळेना. ते म्हणाले, हा माझ्या आजोबांचा बाप. मॉरिशसला ऊस तोडायला गेला तो परत आला नाही. आम्ही आलो.

आमच्या मागच्या पाच-सहा माणसांची ओरड सुरू झाली. नकाशात गाव नाही, टाइमटेबलात नाही. तिकीट द्यायचे तरी कुठले? शेवटी आम्ही त्यांना बाकावर बसवले आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला असलेल्या आर. एम. एस. च्या ऑफिसात निरोप धाडला. तिथे एक जुने सॉर्टर होते. तीस वर्षे डाकगाडीत उभे राहून कोकणची टपाल लावलेली. त्यांनी कागद हातात घेतला, इंग्रज कारकुनाने लिहिलेले ते नाव दोन-तीन वेळा तोंडातल्या तोंडात मोठ्याने म्हटले आणि हसले. म्हणाले, "अहो, हे राजापूर तालुक्यातलं. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. टपाल कुठल्या पोस्टातून जाते तेही सांगतो."

बंधूंनो, जे काम मोठमोठ्या कचेऱ्यांत झाले नसते ते एका सॉर्टरच्या कानाने केले. आम्ही राजापूर रोडची दोन तिकिटे दिली. जाताना त्या गृहस्थांनी विचारले, "इंजिनाजवळ जरा उभं राहू का?" आम्ही म्हटले, रहा की. तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडेही रेल्वे होती. आम्ही तरुणपणी बसलो तिच्यात. मग सरकारने ती उखडून टाकली.

पंधरा दिवसांनी ते परतीच्या वाटेवर पुन्हा खिडकीशी आले. गाव सापडले होते. घर सापडले नव्हते, पण त्याच आडनावाची चार घरे होती आणि त्यांनी यांना नारळ देऊन ओटी भरून पाठवले होते. त्या दिवसापासून आम्ही मॉरिशसविषयी मिळेल ते वाचत आलो. त्यातले थोडे आज आपल्यापुढे ठेवतो.

मैत्रीचा पाया कोणी घातला

आज दोन्ही सरकारे म्हणतात की आमचे नाते रक्ताचे आहे. खरे आहे. पण ते रक्त कोणाचे, हेही सांगायला हवे.

१८३४ साली इंग्रजांच्या साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात येऊ लागला. मॉरिशसच्या ऊसमळ्यांच्या मालकांना हात हवे होते. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पाच वर्षांचा करार. पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, थोडे कपडे. 'अ‍ॅग्रीमेंट'चे आपल्या लोकांनी 'गिरमिट' केले आणि ते मजूर गिरमिटिये झाले. पुढच्या काळात सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर उतरली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातली, बरीच मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली रत्नागिरी-साताऱ्याकडची. पोर्ट लुईच्या धक्क्यावर दगडी पायऱ्या आहेत, सोळा. त्या चढून प्रत्येकाने नव्या देशात पाऊल टाकले. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

करार कागदावर बरा दिसत होता. आत काय होते? एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा. याला तिकडे 'डबल कट' म्हणत. आजारी पडला तरी तेच. १८५० च्या दशकात परतीचे फुकट भाडेही बंद केले. म्हणजे यायचे तिकीट मालकाचे, जायचे तिकीट तुमचे. पाच रुपयांच्या पगारात ते कधी साठणार? १८६७ मध्ये कायदा आला, की करार संपलेल्या मजुरानेही फोटो लावलेला पास जवळ बाळगलाच पाहिजे. पास नसला की तुरुंग. पास न दाखवता माणसाला रस्त्याने चालता येऊ नये, अशी ती व्यवस्था.

आणि आता आपल्या कामाची गोष्ट ऐका. हे मजूर गप्प बसले नाहीत. १८७१ मध्ये त्यांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. मसुदा आडोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या गोऱ्या गृहस्थाने लिहिला, पण त्याखाली ९,४०१ मजुरांची नावे होती. आम्हांला आमच्या ब्रँचमध्ये साध्या निवेदनावर चारशे सह्या गोळा करताना घाम फुटतो. त्या काळी, मळ्यामळ्यांवर विखुरलेल्या, पास नसला तर तुरुंगात जाणाऱ्या माणसांनी नऊ हजारांवर सह्या आणि अंगठे जमवले! त्यातून १८७२ मध्ये रॉयल कमिशन आले, १८७५ मध्ये त्याचा अहवाल निघाला आणि १८७८ मध्ये मजूर कायदा बदलला. सगळे सुटले नाही, पण दार किलकिले झाले.

१९०१ मध्ये आफ्रिकेहून परतताना गांधीजी काही दिवस मॉरिशसला थांबले. त्यांच्याच प्रेरणेने १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तिथे गेले आणि मजुरांचे खटले लढवू लागले. आणि इथे, कायदेमंडळात, ही करारी मजुरीची पद्धत बंद करा असा ठराव १९१२ मध्ये कोणी मांडला? नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा. ज्या जिल्ह्यातून माणसे गेली त्याच जिल्ह्याचा सुपुत्र त्यांच्यासाठी उभा राहिला. ठराव त्या दिवशी पडला, पण १९१७ मध्ये भरती थांबवावीच लागली.

पुढे मॉरिशसमध्ये १९३६ ला मजूर पक्ष निघाला. १९३७ मध्ये ऊसमळ्यांवर संप पेटले, गोळीबार झाला, मजूर मेले. पुढच्याच वर्षी संघटना करण्याचा कायदा सरकारला करावा लागला आणि १९३८ चा मे दिन तिथल्या कामगारांनी जाहीर सभेने साजरा केला. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये बेल व्ह्यू हारेल इथे पुन्हा गोळ्या सुटल्या. चौघे गेले. त्यांत अंजली कूपेन नावाची गरोदर मजूर स्त्री होती. तिच्या नावाचे स्टेडियम आज तिथे आहे. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तो १२ मार्चला. गांधीजींची दांडीयात्रा १२ मार्चलाच निघाली होती, म्हणून तो दिवस निवडला.

तेव्हा उभय देशांच्या मैत्रीचा पाया कोणत्याही मंत्र्याने घातलेला नाही. तो ऊस तोडणाऱ्यांनी घातला, सह्या करणाऱ्यांनी घातला आणि गोळ्या खाणाऱ्यांनी घातला. हे ध्यानात ठेवून पुढचे करार वाचावेत, एवढेच आमचे म्हणणे.

टपालाचा धागा

आता टपाल खात्यातल्या बंधूंसाठी. १८४७ मध्ये मॉरिशसने स्वतःची तिकिटे छापली, एक पेनीची व दोन पेनीची, प्रत्येकी पाचशे. त्यांवर 'पोस्ट ऑफिस' असे शब्द होते. तिकिटे जमवणाऱ्यांच्या जगात त्यांच्याइतके नाव फार थोड्या तिकिटांना आहे. त्यातली एक पेनीची दोन तिकिटे लावलेले एक पाकीट १८५० च्या जानेवारीत पोर्ट लुईहून निघाले. कुठे? मुंबईला! तिथल्या बायबल सोसायटीच्या सेक्रेटरीच्या नावे. तेच पाकीट १८९७ मध्ये हिंदुस्थानातल्या एका बाजारात सापडले आणि पुढे जगप्रसिद्ध झाले.

हिशेब करा. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ ची. म्हणजे आपल्याकडे रूळ पडण्याच्या तीन वर्षे आधी मॉरिशसची टपाल मुंबईत पोचत होती. ते पाकीट कोणी तरी बंदरावर उतरवले, पिशवी फोडली, शिक्का मारला, पत्ता शोधून हातात दिले. त्या माणसाचे नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

१८७४ मध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघ स्थापन झाला. १८७६ मध्ये भारत त्यात आला. त्याचा मूळ नियम फार सुंदर आहे : टपालापुरते सगळे सभासद देश एकच मुलूख समजावेत. भारतीय तिकीट लावलेले पत्र मॉरिशसचा पोस्टमन पोचवतो, त्यांचे आपला पोस्टमन पोचवतो. हिशेब खाती आपापसांत नंतर करतात, पत्राला कोणी अडवत नाही. सरकारे भांडतात, राजदूत परत बोलावतात, पण होईल तोवर टपाल चालू ठेवतात. मैत्री म्हणजे काय हे कोणाला समजावायचे असेल तर हा एक नियम सांगावा.

रूळ उखडले, रूळ आले

त्या म्हाताऱ्या पाहुण्यांची रेल्वे १८६४ मध्ये सुरू झाली होती, आपल्यानंतर अकराच वर्षांनी. ऊस, साखर, माणसे सगळे तिच्यावर. मग मोटारी आल्या, बसगाड्या आल्या, तोटा दाखवला गेला. १९५६ मध्ये उतारूंची गाडी बंद झाली आणि १९६४ मध्ये सगळीच. शंभर वर्षांची रेल्वे मोडीत गेली. तोट्याच्या नावाखाली गाड्या व स्टेशने बंद करण्याची भाषा आपल्याही कानांना नवी नाही.

पुढे झाले काय? लहान बेट, मोटारींची गर्दी, पोर्ट लुईला पोचायला तासन् तास. पन्नास वर्षांनी त्यांना कळले की रूळ हवेत. २०१६ मध्ये भारताने मॉरिशसला ३५.३ कोटी डॉलरचे विशेष साहाय्य दिले. त्यातून पाच कामे : मेट्रो एक्स्प्रेस, सर्वोच्च न्यायालयाची इमारत, कान-नाक-घशाचे इस्पितळ, शाळकरी मुलांसाठी टॅब्लेट आणि गरिबांची घरे. मेट्रोचे काम भारतातल्या लार्सन अँड टुब्रो कंपनीने केले. ३ ऑक्टोबर २०१९ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी पहिल्या टप्प्याचे उद्घाटन केले आणि २०२२ मध्ये गाडी क्युरपीपपर्यंत गेली.

आम्हांला याचा अभिमान वाटतो. पण एक प्रश्नही पडतो. उखडायला सोपे आणि पुन्हा टाकायला किती महाग! ज्या देशाने एकदा रेल्वे मोडली त्याला ती परत आणायला दुसऱ्या देशाची मदत घ्यावी लागली. आपल्या देशातले जे लोक रेल्वेचे तुकडे करून विकायचे सल्ले देतात त्यांनी मॉरिशसला एक चक्कर मारून यावी.

व्यापार : पैशाला पंख, माणसाला बेड्या

आता व्यापाराकडे. १९८२ मध्ये दोन सरकारांनी करार केला, की एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे कर लागू नये. हेतू वाईट नव्हता. पण त्यातून वाट अशी निघाली, की मॉरिशसमधल्या कंपनीने भारतातले शेअर विकून नफा केला तर त्यावर इथे कर नाही, आणि तिथेही जवळजवळ नाहीच. झाले! जगभरच्या पैसेवाल्यांनी पोर्ट लुईत कंपन्यांच्या पाट्या लावल्या. कित्येक वर्षे भारतात येणाऱ्या परकीय भांडवलात कागदोपत्री पहिला नंबर या छोट्या बेटाचा होता. इथलाच काळा पैसा तिकडून गोरा होऊन परत येतो, असा आरोप वारंवार झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ मध्ये न्यायालयाने करार व सरकारचे परिपत्रक वैध ठरवले. शेवटी मे २०१६ मध्ये करार दुरुस्त झाला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवरचा नफा भारतात करपात्र झाला. म्हणजे तेहतीस-चौतीस वर्षे लागली.

आमचा पगार हातात पडण्याआधी आयकर कापला जातो, एका रुपयाची सूट मिळत नाही. आणि दोन देशांच्या मैत्रीच्या नावाने ज्यांनी हजारो कोटी वाचवले त्यांना ना ऊसमळा माहीत, ना आप्रवासी घाट. पाच रुपयांच्या मजुराला पाससाठी तुरुंगात घालणारी वाट हीच होती. पैशाला मात्र त्या वाटेवर कोणी पास विचारला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर अन्याय होईल. २००७ पासून बरीच वर्षे मंगळूरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून मॉरिशसला पेट्रोल-डिझेल गेले. १ एप्रिल २०२१ पासून व्यापक आर्थिक सहकार्याचा करार लागू झाला. आफ्रिकेतल्या देशाशी भारताचा असा हा पहिलाच. त्यात भारताच्या ३१० वस्तूंना तिकडे आणि त्यांच्या ६१५ वस्तूंना इकडे सवलत आहे. लहान देशाला जास्त दिले, हे चांगले केले. फेब्रुवारी २०२४ पासून आपले रुपे कार्ड व यूपीआय तिथे चालू लागले. मार्च २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या रुपयांत थेट व्यवहार करण्याचा समझोता झाला, कारण त्यांचेही नाणे रुपयाच. हे खरे व्यापारवृद्धीचे मार्ग. यातून माल वाढतो, बंदर चालते, वाघिणी भरतात.

प्रवास : तेव्हाचा आणि आताचा

शिडाच्या जहाजाला आठवडेच्या आठवडे लागत. आता मुंबईहून विमानाने सहा-सात तास. हिंडायला जाणाऱ्या भारतीयाला आगाऊ व्हिसा लागत नाही. मार्च २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे गेल्या असताना, मॉरिशसमधल्या सातव्या पिढीच्या भारतवंशीयांनाही ओसीआय कार्ड मिळेल असे जाहीर झाले. म्हणजे आमच्या खिडकीवरच्या त्या पाहुण्यांच्या पणतवंडांनाही दार उघडे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती जुनी रजिस्टरे जपून ठेवली आहेत, म्हणून पुरावा मिळतो. आणि आपली मराठी मंडळी तिथे आजही गणपती बसवतात, कोकणातला जाखडी नाच 'झाकरी' म्हणून नाचतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुटी असते.

पण बंधूंनो, प्रवास सगळ्यांचा सारखा नसतो. आमच्या गँगमधल्या एका सहकाऱ्याचा पुतण्या गवंडी. काही वर्षांपूर्वी तो मॉरिशसला बांधकामावर गेला. एका एजंटाने दीड लाख घेतले. इथे सांगितलेला पगार एक, तिथे उतरल्यावर सही करायला दिलेला कागद दुसरा. तो कागद त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत. पासपोर्ट मुकादमाने ठेवून घेतला. घरी फोन आला तेव्हा त्याची आई आमच्या युनियन ऑफिसात येऊन बसली. आम्ही पत्रे लिहिली, अर्ज केले, कोणाकोणाला भेटलो. तो आठ महिन्यांनी परतला, हात हलवत. दीड लाखाचे कर्ज अजून फिटते आहे.

मी असे म्हणत नाही की सगळे मालक असेच. नीट कमावून परतलेलेही आहेत. पण कायद्यातली भोके आपल्याला माहीत हवीत. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली, दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर शिक्का असतो आणि ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्या यादीत आखाती देश आहेत, मलेशिया आहे. मॉरिशस नाही. म्हणजे ज्या देशाशी आपले सर्वांत जुने मजुरीचे नाते, तिथे निघालेल्या गवंड्याचा करार तपासायला मध्ये कोणी बसलेला नाही. कागद बदलला, जहाजाऐवजी विमान आले, पण 'सांगितले एक, निघाले एक' हे दीडशे वर्षांत बदललेले नाही.

आपण काय करायचे

नुसते रडून भागत नाही. आम्हांला चार गोष्टी सुचतात.

एक. दोन सरकारांच्या प्रत्येक व्यापार करारात कामगारांचे कलम असले पाहिजे आणि ते ठरवताना दोन्हीकडच्या संघटनांना बोलावले पाहिजे. ३१० आणि ६१५ वस्तूंची यादी करता येते, तर माणसाच्या पगाराची, पासपोर्टची आणि परतीच्या तिकिटाची चार कलमे का लिहिता येऊ नयेत?

दोन. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ हे ठराव आहेत, संघटना करण्याचा आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क देणारे. मॉरिशसने दोन्ही मान्य केले आहेत. भारताने दोन्ही मान्य केलेले नाहीत, आणि त्याचे कारण म्हणून तुमच्या-आमच्यासारख्या सरकारी नोकरांचेच नाव पुढे केले जाते. १९७४ च्या मे महिन्यातला रेल्वे संप ज्यांच्या घरांनी सोसला, त्यांना हे वेगळे सांगायला नको. ज्या देशाला आपण धाकटा भाऊ म्हणतो त्याच्याकडून मोठ्या भावाने एवढे शिकावे.

तीन. परदेशी नोकरीला जाणाऱ्याचा करार त्याच्या मातृभाषेत, जाण्याआधी, त्याच्या हातात पडला पाहिजे. २०१७ पासून अनेक टपाल कचेऱ्यांत पासपोर्ट सेवा केंद्रे आहेत. गरीब माणूस पासपोर्ट काढायला तिथेच येतो. टपाल बंधूंनी एक काम करावे : एजंट नोंदणीकृत आहे का ते पाहा, कोऱ्या कागदावर सही करू नका, कराराची एक प्रत घरी ठेवा, एवढ्या तीन ओळी मराठीत आणि हिंदीत लिहून फळ्यावर लावाव्यात. याला वटहुकूम लागत नाही. खडू लागतो.

चार. मैत्री सरकारांपुरती ठेवू नये. तिथल्या वाहतूक आणि टपाल कामगारांच्या संघटनांशी आपल्या महासंघाने पत्रव्यवहार ठेवावा. त्या गवंड्याच्या वेळी पोर्ट लुईतल्या एका युनियनचा पत्ता आमच्याजवळ असता, तर आठ महिने लागले नसते. आठ दिवसांत कोणी तरी जाऊन त्या मुकादमापुढे उभा राहिला असता.

शेवटची गोष्ट सांगून रजा घेतो. २०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीत, गाड्या बंद, विमाने बंद. पण आपले टपाल कामगार कामावर होते. जून महिन्यात आमच्या युनियन ऑफिसच्या पत्त्यावर एक कार्ड आले. त्यावर मेट्रो गाडीचे चित्र. पाठवणारी त्या पाहुण्यांची नात. जानेवारीत, गाडी लोकांसाठी सुरू झाली त्या आठवड्यात, तिने ते टाकले होते. पाच महिने वाटेत. इंग्रजीत चार ओळी होत्या : आजोबा गेल्या वर्षी वारले. गाडीत बसायचे राहिले. पण मुंबईच्या खिडकीवरच्या माणसाला कळवायचे, असे ते सांगून गेले होते. आणि खाली, मराठी शाळेत शिकलेल्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, देवनागरीत दोन शब्द : "रूळ आले."

कार्डाचा कोपरा फाटला होता आणि आमचे नाव पावसाने पुसले होते. तरी आमच्या पोस्टमनने ते बरोबर आणून दिले.

सरकारे येतात, सरकारे जातात. करार होतात, बदलतात, कधी फाडलेही जातात. आपण मात्र आपली पिशवी आणि आपला रूळ सांभाळायचा. आणि त्यावरून जाणाऱ्या माणसालाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!